दहा खाचा, दोन आळ्या

नाशिक जिल्ह्यातल्या अकरा गावांनी मला आजवर चोपलं आहे. त्यातल्या सात गावांनी नंतर शाल-श्रीफळ देऊन सत्कारही केला, आणि एका गावाने तर दोन्ही कार्यक्रम एकाच मांडवात उरकले. बायकोला हे पटत नाही. ती म्हणते, "मारलं तीन गावांनी. बाकीची तुम्ही पदरची जोडलीत." ठीक आहे, तीन तर तीन. पण त्या तिनांतलं एक दिंडोरीच्या अंगाचं होतं आणि त्याची खूण माझ्या डाव्या कानामागे अजून आहे. ज्याला शंका असेल त्याने घरी यावं आणि बोट लावून बघावं.

माझ्या धंद्याचं आधी सांगतो. पाण्याचा प्लँट एकजण बांधतो, दुसरा चालवतो. मधे एक माणूस लागतो, जो सगळं पहिल्यांदा चालू करतो आणि काय काय फुटतं ते बघतो. कागदावर त्याला कमिशनिंग इंजिनिअर म्हणतात. धरणाचं गढूळ पाणी एका टोकाने घ्यायचं, तुरटी मारायची, वाळूतून गाळायचं, क्लोरीन द्यायचा आणि दुसऱ्या टोकाने पिण्याजोगं सोडायचं. नकाशात हे निळ्या बाणांनी दाखवलेलं असतं आणि बाण फार सभ्य असतात. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी पाणी पिसाळलेलं असतं. नव्या पाइपातली हवा पुढे रेटत, भिंतींना लाथा घालत, जॉइंट चावत ते येतं. एकदा वाळू धुवायला मी खालून हवा सोडली, तर वाळूत झोपलेला बेडूक सुटला तो थेट छताच्या पत्र्याला जाऊन चिकटला. अख्खा पावसाळा तिथेच होता. खालून आम्ही त्याला नमस्कार करून कामाला लागायचो.

तर हे गाव. प्लँट टेकडीच्या माथ्यावर, गाव पायथ्याला, मधे दोन किलोमीटर पाइप, सगळा उतार. गावाच्या तिठ्यावर पाइपाला दोन फाटे फुटत होते, एक वरच्या आळीचा, दुसरा खालच्या आळीचा. दोन्ही फाट्यांचे पाणी सोडायचे-बंद करायचे वॉल एकाच चौकोनी खड्ड्यात, शेजारी शेजारी. दोन आळ्यांत रोटीबेटीचा व्यवहार चालायचा, एकमेकांच्या द्राक्षबागांत छाटणीला माणसं जायची, मयतीला खांदा द्यायची. फक्त पाण्याच्या वेळी तिठ्यावर कळश्या चालायच्या. म्हणजे भरायला नाही, डोक्यात घालायला. खालच्या आळीत मी एक तांब्याचा हंडा बघितला, त्यावर माणसाच्या तोंडाचा पुरा ठसा उठला होता, नाकासकट. घरच्यांनी तो मोडीत घातला नव्हता. पाहुण्यांना दाखवायचे.

या दोन आळ्यांच्या मधे तीस वर्षं एक माणूस उभा होता, तो म्हणजे गावचा वॉलमन. साठीला टेकलेला, खारकेसारखा वाळलेला, गाव त्याला नाना म्हणे. दोन्ही मनगटांवर दोन घड्याळं. उजवं वरच्या आळीने दिलेलं, डावं खालच्या आळीने, कारण कोणाचाच दुसऱ्याच्या घड्याळावर विश्वास नव्हता. दोन घड्याळांत दीड मिनिटाचा फरक होता आणि तीस वर्षांची मारामारी ही त्या दीड मिनिटाची होती.

पहिल्या दिवशी त्याने अंगावरचे व्रण दाखवत मला गावचा पाणीपुरवठा समजावून सांगितला.

"सायेब, हे कोपराचं वरच्या आळीचं. मिनिटभर आधी बंद केला म्हणून. हे डोक्यातलं खालच्यांचं. मिनिटभर उशीर झाला."

"आणि हे गुडघ्याचं?"

"हे घरचं. आमच्या हिनं घातलं फुंकणीनं. म्हनली, गावाला पाणी पाजतो, आपल्या घरात थेंब नाय."

जुना वॉल चाळीस फेऱ्यांचा होता. खड्ड्याच्या तोंडाशी उभं राहून लांब लोखंडी चावी घालायची आणि गरागरा फिरवायची. दुसऱ्या कोणाला पाच मिनिटं लागली असती. नाना तो वीस सेकंदांत आवळायचा. चावी अशी फिरायची की शेजारच्या पानटपरीवरचे कागद उडायचे. हौस म्हणून नव्हे. वीस सेकंदांच्या वर गेलं की पाठीत बसायचं, म्हणून. त्याच्या हाताला तेवढी एकच गोष्ट ठाऊक होती, वेळ झाली की झटक्यात बंद.

आता नवी योजना आली आणि जुने वॉल उपटले गेले. त्यांच्यासोबत वॉलमनही उपटला जाणार होता. नव्या प्लँटला एक ऑपरेटर लागणार होता. पहिलं वर्ष प्लँट ठेकेदारानेच चालवायचा, पण ऑपरेटर शिकून तयार आहे असं माझ्या चाचणीच्या अहवालात आल्याशिवाय त्याला नेमता येत नव्हतं. ठेकेदाराने त्या जागेवर स्वतःचा मेहुणा ठरवून ठेवला होता. मेहुणा चोवीस तास गॉगल लावायचा आणि प्लँटवर येऊन पंपाशेजारी फोटो काढायचा. नाना मात्र रोज सकाळी टेकडी चढून यायचा, तुरटीच्या गोण्या वाहायचा, फिल्टर कसा धुतात ते दहादा विचारायचा. एकदा म्हणाला, "सायेब, दुसरं मला काय येत नाय. हे गेलं तर मी नुसता घरी बसून मार खाणार." हसत म्हणाला, पण माझ्याकडे बघत नव्हता.

इथे मला एक कबुली द्यायची आहे, आणि मी थापाड्या असलो तरी ही थाप नाही. तिठ्यावरच्या वॉलना गिअरचं चाक लागायला हवं होतं. चाक असलं की माणसाने कितीही जोर लावला तरी वॉल हळूच बंद होतो. ती चाकं आली नव्हती. ठेकेदाराने त्या जागी साधा हातभर दांडा असलेले वॉल बसवले, पाव फेरीत बंद होणारे. दांड्याखाली दहा खाचांची पट्टी. मी म्हणालो, "हे चालणार नाही." तो म्हणाला, "साहेब, टँकर बंद झालेत, गाव पेटलंय, चार दिवस चालवून घ्या." मी चालवून घेतलं. माझ्या एका मानेच्या हालचालीने पुढचं सगळं झालं.

नानाला दांडा दाखवला तेव्हा त्याने तो खेळण्यासारखा हलवला. "बस? एवढंच? तीस वर्षं मी काय दळण दळलं मग?"

मी म्हणालो, "नाना, हळू. दोन किलोमीटरचं पाणी धावत येत असतं. एकदम दार लावलं की ते दारावर डोकं आपटतं. दर खाचेला वीस मोजायचे. दहा खाचा, दोनशे. आणि शेवटच्या तीन खाचांत तर जीव मुठीत धरून."

त्याने मान हलवली. पाठही करून दाखवलं. मी खूश.

चाचणीच्या सकाळी दोन्ही आळ्या तिठ्यावर. पाण्याची तहान होतीच, पण खरी तहान दुसरी आळी चुकते कुठे हे बघण्याची. मी आदल्या दिवशी सरळ उपाय सुचवला होता, आधी खालच्यांचा वॉल उघडू, मग वरच्यांचा बंद करू, म्हणजे पाण्याला वाट राहील. तीस वर्षांत पहिल्यांदा दोन्ही आळ्या एक झाल्या, माझ्याविरुद्ध. "दोघांला एका टायमाला पाणी? आमचं प्रेशर चोरायचा धंदा हाय हा!" दोन्हीकडून हेच वाक्य आलं, शब्दालाही फरक नव्हता. मग ठरलं ते जुनंच, आधी बंद, मग उघड.

वरच्या आळीला पाणी सुटलं. नळांनी आधी खोकून हवा ओकली, तांबडं काहीतरी थुंकलं आणि मग काचेसारखं पाणी आलं. मी जरा भारावलो. सव्वासात झाले, वरच्यांची पाळी संपली. खालच्या आळीची एक म्हातारी सगळ्यांच्या पुढे उभी होती. काखेत रिकामा हंडा, आवाज असा की ओझरला विमान उतरायचं थांबावं.

"ए नान्या! झाले सव्वासात! दांडा वढ का तुझी तंगडी वढू?"

आणि नानाचा हात गेला. मी बघत होतो. त्याने ठरवून काही केलं नाही. तो दोनशे विसरला नव्हता, त्याचे ओठ 'एक' म्हणत होते. पण हात तीस वर्षांचा होता. फाट्कन दांडा आडवा, दहाच्या दहा खाचा एका दमात.

क्षणभर काहीच नाही. मग टेकडीच्या पोटातून कोणीतरी घण मारावा तसा एक ठोका आला. जमीन हलली. दुसरा ठोका. आणि तिठ्याच्या अलीकडचा पाइपाचा वळसा जमीन फाडून वर आला. वळशाला टेकू दिलेला काँक्रीटचा ठोकळा लाडवासारखा फुटला. पाण्याचा खांब उठला तो पिंपळाच्या शेंड्याच्या वर, आणि त्यात दगड, मुरूम, कोणाची तरी चप्पल, पानटपरीचं अर्धं छत. उभी केलेली एक मोटारसायकल उचलली गेली आणि खालच्या आळीतून वरच्या आळीत जाऊन पडली. बायको म्हणते, आडवी पडली एवढंच. ती तिथे नव्हती. पण एका दगडाने समोरच्या घराचं दार आरपार फोडलं आणि आत चुलीवरचं पातेलं चेपलं, हे मी पातेल्यासकट शपथेवर सांगतो. पातेल्यापाशी दोन मिनिटांपूर्वी एक बाई बसली होती. ती नळावर गेली म्हणून वाचली.

पाणी खाली बसलं तेव्हा गाव उठलं. पन्नास-साठ माणसं चिखलातून खड्ड्याकडे आली. कोणाच्या हातात फावडं, कोणाच्या हातात छाटणीची कात्री. नाना खड्ड्यात दांडा धरून तसाच उभा, मान खाली. मार कुठून येणार ते त्याला माहीत होतं, त्याने पाठ त्या बाजूला वळवूनही ठेवली होती.

का ते विचारू नका, मी मधे उडी मारली. "थांबा! चूक माझी आहे! मीच त्याला दाबायला सांगितलं!"

मला वाटलं, मी थोर खोटं बोलतोय. तोंडातून बाहेर पडल्यावर कळलं की हे तर बरंचसं खरं आहे. पण तोवर म्हातारीचा हंडा निघाला होता. भरल्या हंड्यापेक्षा रिकामा हंडा वाईट लागतो, कारण त्याचा आवाज तीन दिवस डोक्यात राहतो. तो कानामागे बसला आणि मी गुडघ्यावर आलो. मग चपला, मग लाथा, मग कोणीतरी माझी कॉलर धरून मला चिखलात असं फिरवलं की माझ्याच तोंडाचा ठसा तिठ्यावर उमटला. एकाने फावडं उचललं. तेवढ्यात नाना खड्ड्यातून वर आला आणि फावड्याच्या दांड्याला लोंबकळला.

"सायबांला सोडा! त्यांनी हळू म्हनलं व्हतं. वॉल म्या दाबला. मला मारा."

फावडंवाला धापा टाकत होता. म्हणाला, "नाना, तू गप बस. आता लय दमलो आम्ही."

ठेकेदार पंचायतीच्या ओट्यावरून हे बघत होता. गर्दी पांगल्यावर त्याने मला हाताला धरून उठवलं, रुमाल दिला आणि गोड आवाजात म्हणाला, "साहेब, आता तरी लिहा. माणूस कामाचा नाही. मेहुण्याचं नाव टाका."

"लिहितो ना शेठ. वॉलला चाक का नव्हतं तेही लिहितो, आणि चाक नसताना लाइन चालू करायला मान कोणी हलवली तेही."

"कोणी हलवली?"

"मी."

त्याने रुमाल परत घेतला. मग म्हणाला, "तीन दिवसांत वळसा बांधून देतो. तोच वॉल, तोच म्हातारा, सगळ्या गावासमोर. परत उडाला तर मेहुणा, नाही उडाला तर म्हातारा. कबूल?"

मी कबूल म्हणालो. नानाला सांगितलं तेव्हा तो खाली बसला.

"सायेब, माझं डोकं थांबतं. हात थांबत नाय. वरडलं कोणी की हात पळतोच."

मग त्यानेच उपाय काढला, आणि असा उपाय पुस्तकात सापडायचा नाही. प्लँटवर तसलाच दांड्याचा वॉल होता. तो त्याच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मी बंद करतो. तुम्ही मागून शिव्या द्या. आन मारा."

मी शिकला-सवरलेला माणूस. पहिल्या दिवशी माझ्या शिव्या 'मूर्खा'च्या पुढे जात नव्हत्या. नाना वैतागला. "सायेब, हे शिव्या हाय का शाळा?" दुसऱ्या दिवशी मला सूर सापडला. काठीने त्याच्या पोटऱ्यांवर फटके, कानात बोंब, मातीची ढेकळं. चौथ्या खाचेवर हात पळायचा. मग सहाव्या. तो दात खाऊन परत पहिलीवर यायचा. संध्याकाळी दमून खाली बसलो तर त्याच्या पोटऱ्यांवर वळ होते आणि माझ्या तळहाताला फोड. मला स्वतःची लाज वाटली. तो म्हणाला, "मारलेलं असं काय नाय. यात निदान शिकाय मिळतं."

तिसऱ्या दिवशी ती हंडेवाली म्हातारी सरपण घेऊन टेकडीवरून जाताना थांबली. चाललंय काय ते तिने कंबरेवर हात ठेवून बघितलं. "ह्याला शिव्या म्हणतात व्हय रं? हो बाजूला." आणि तिने जे सुरू केलं, त्याने मला वाटतं क्लोरीनची मात्रा कमी पडली असती. नानाच्या सात पिढ्या, त्याची दोन घड्याळं, त्याची म्हैस, कोणी सुटलं नाही. तो त्या दिवशी पहिल्यांदा दहाव्या खाचेपर्यंत पोचला. घामाने निथळला होता. म्हातारी सरपण उचलत म्हणाली, "तिठ्यावर मी ह्याच्यापेक्षा वाईट देणार हाय. तिथं मी खालच्या आळीची."

दुसरी चाचणी. वळसा नव्याने बांधलेला, काँक्रीट अजून पुरतं पिकलेलं नाही. मी पुन्हा सुचवून बघितलं, सव्वासातच्या दीड मिनिट आधी बंद करायला लागू, म्हणजे दोघांचं अर्धं अर्धं नुकसान. वरची आळी म्हणाली, आमच्या टायमात हात लावायचा नाय. खालची म्हणाली, आमच्या टायमाच्या पुढं थेंब जायचा नाय. म्हणजे सव्वासातनंतरचे दोनशे आकडे नानाच्या पाठीवर.

झाले सव्वासात. नानाने दांडा धरला. "एक. दोन. तीन."

तिसऱ्या खाचेपर्यंत खालच्या आळीला नुसतं नवल वाटत होतं. चौथीला कोणीतरी ओरडलं, "वरच्यांला जादा पाणी पाजतोय!" पाचवीला पहिला दगड आला. तो खड्ड्याच्या कडेला लागला आणि मला चुरा बसला. मग पाऊसच. एक ढेकूळ नानाच्या कपाळावर फुटलं, भुवईतून रक्त आलं आणि डोळ्यात गेलं. त्याने डोळा मिटला आणि "एकशे नऊ" म्हटलं. मी पाइपावर दोन्ही तळवे टेकून बसलो होतो. आत पाणी थरथरत होतं, दावं ताणलेल्या बैलासारखं.

सातव्या खाचेवर ठेकेदाराचा मेहुणा गॉगलसकट खड्ड्यात उतरला. "म्हाताऱ्या, मर्दासारखा दाब!" म्हणत त्याने दांड्यावर पंजा टाकला. नव्या वळशापाशी चाळीसेक माणसं उभी होती, त्यात पोरंबाळं. तो दांडा एकदम बसला असता तर पिंपळावर चप्पल नाही, माणूस गेला असता. मी उठेपर्यंत नानाने मान वाकवली आणि मेहुण्याच्या पंजाला चावा घेतला. साधा नाही, उसाला घेतात तसा. मेहुणा किंचाळला, दुसऱ्या हाताने त्याच्या टाळक्यावर बुक्क्या घालू लागला. नानाने दात सोडले नाहीत आणि दांडाही सोडला नाही. फक्त तोंड भरलेलं असल्यामुळे आकडे थांबले. म्हणून ते मी म्हटले, खच्चून ओरडत, एकशे बेचाळीसपासून एकशे त्रेसष्टपर्यंत. पुढच्या खाचेवर मी मान हलवली आणि त्याने दांडा सरकवला. मेहुण्याचा पंजा सुटला तेव्हा त्याच्यावर दातांची अर्धी चंद्रकोर होती. तो खड्ड्यातून वर चढला तो थेट ठेकेदाराच्या गाडीत जाऊन बसला.

नववी खाच. दगड चालूच होते. दहावी. नाना प्रत्येक आकड्याला थुंकत होता, रक्त आणि आकडा एकत्र. "एकशे नव्व्याण्णव. दोनशे."

पाइपात एक लांब हुंकार झाला आणि विरला. ठोका आला नाही. घड्याळाच्या काट्यासारखा प्रेशरचा काटा थोडा वर सरकला आणि बसला. मी तळवे उचलले नाहीत. दुसरा ठोका येतो हे मी एकदा बघितलं होतं. तोही आला नाही.

नानाची मूठ उघडेना. दांड्याभोवती बोटं आवळून बसली होती, पांढरी पडलेली. मी ओढून बघितली, हलली नाहीत. मग म्हातारी खड्ड्यात उतरली आणि एकेक बोट सोडवू लागली, वांग्याचं देठ मोडावं तशी. "सोड रं बाबा. झालं आता. आमचं पाणी सोड." नाना कळवळला, पण बोटं सुटली. मग त्याने डावा हात खालच्या आळीच्या दांड्यावर ठेवला.

"एक," तो म्हणाला. "दोन."

मी खड्ड्याच्या कडेवर बसून गुडघ्यावर अहवाल उघडला आणि ऑपरेटरच्या रकान्यात त्याचं नाव लिहिलं. ठेकेदार डोक्यावर उभा होता.

"साहेब, हा चावतो."

"तेही लिहू? कोणाला चावला ते, आणि तो खड्ड्यात काय करत होता ते?"

तो गाडीकडे वळला. तेवढ्यात खालच्या आळीतून कोणीतरी ओरडलं, "आलं! आलं!" आणि सगळी गर्दी हातातले दगड टाकून कळश्यांमागे पळाली. म्हातारी तर आमच्या खांद्यांवर पाय देऊन वर चढली. तिठा रिकामा झाला, चपला आणि दगड उरले. खड्ड्यात नाना एका डोळ्याने खाचा बघत होता.

"एकशे बारा. एकशे तेरा."